सही शिकवण्याआधी

(सोसायटीच्या रौप्यमहोत्सवी कार्यक्रमात केलेल्या भाषणाचा मजकूर)



पंचवीस वर्षांपूर्वी आपण शहागडात हाउसिंग सोसायटी काढतोय म्हटल्यावर माझे बँकेतले सहकारी हसले होते. ते असो. मला आज आपल्या हॉलमध्ये रात्री चालणाऱ्या वर्गाबद्दल बोलायला सांगितलंय. वर्गाचा काहींना त्रास होतो हे मला माहीत आहे. जिन्यात चपला पडतात, पंख्याचं बिल कुणी भरायचं हा प्रश्न वार्षिक सभेतही आला होता. तेव्हा हा वर्ग मी का घेतो ते एकदाचं सांगून टाकतो. त्यात माझी एक चूक आहे.

२ ऑक्टोबर १९७८ ला राष्ट्रीय प्रौढ शिक्षण कार्यक्रम सुरू झाला, तेव्हा मी बँकेत नवा क्लार्क होतो. पुढे १९८८ मध्ये राष्ट्रीय साक्षरता मिशन आलं. तोवर मी ऑफिसर झालो होतो आणि अंगठ्याच्या खात्यांना पार कंटाळलो होतो. अंगठेवाल्याला चेकबुक नाही. पैसे काढायला त्यानं स्वतःच यायचं. कागदावर अंगठा घ्यायचा तर मजकूर वाचून दाखवायचा, समजावून सांगितल्याचा शेरा लिहायचा, वर साक्षीदार शोधायचा. बाजाराच्या दिवशी शाईनं काउंटर काळं व्हायचं. म्हणून मी एक सोपा मार्ग काढला. बायकांना सही शिकवली. फक्त सही. पाटीवर नाव काढून द्यायचं, पंधरा दिवस गिरवून घ्यायचं आणि नमुना सहीचं कार्ड बदलायचं. किती कार्डं बदलली हे मी घरी येऊन अभिमानानं सांगत असे.

त्यातलीच एक बाई काही वर्षांनी कागद घेऊन माझ्याकडे आली. दिरानं कर्ज काढलं होतं आणि हप्ते थकवले होते. कागदावर जामीनदार म्हणून हिची सही, मीच गिरवून घेतलेली, सुबक. तिला सांगितलं होतं की साक्षीची सही आहे. जामीनदार हा कर्जदाराइतकाच देणेकरी असतो, हे मला तोंडपाठ. तिनं तो शब्द त्या दिवशी पहिल्यांदा ऐकला. मी म्हणालो, "अहो बाई, सही करण्याआधी विचारायचं तरी." ती म्हणाली, "साहेब, अंगठा राह्यला असता तर कुणीतरी वाचून दाखवलं असतं. सही आली म्हणून कुणी वाचलंच न्हाई."

मला उत्तर सुचलं नाही. तिनं शेळ्या विकल्या आणि गळ्यातलं मोडून पैसे भरले. अंगठ्यामुळे तिला जी राखण मिळत होती ती मी काढून घेतली होती आणि बदल्यात वाचता येणं काही दिलं नव्हतं. ही गोष्ट मी आमच्या घरीसुद्धा फार उशिरा सांगितली.

रिटायर झाल्यावर वर्ग सुरू केला तो त्यामुळे. आपल्याकडे धुणंभांडी करणाऱ्या, मागच्या वस्तीवरच्या, ऊसतोडीला जाणाऱ्या बाया येतात. दोन-तीन बाप्ये पण येतात, मागे बसतात. पहिल्या दिवशी 'अ अननसाचा' काढला तर एक मावशी म्हणाल्या, अननस काय खायला घालता का? त्या दिवसापासून एसटीच्या पाट्या घेतल्या. फाट्यावर रोज दिसणारी नावं: बीड, अंबड, पैठण, गेवराई. बीड आणि अंबड या दोन्हींत ब आणि ड आहेत, त्यामुळे आठवडाभर सगळ्या चुकीच्या गाडीत! पण एकदा तो अनुस्वार आणि ती वेलांटी डोळ्यात बसली की बसली. औरंगाबाद एकीनं नुसत्या आकारावरून ओळखायचं ठेवलं होतं. पाटी बदलली आणि तिचं सगळं शिक्षण वाया गेलं. मग ती रीतसर अक्षरांकडे आली.

हिशोब मात्र त्यांना आपल्यापेक्षा पक्का येतो, तोंडी. अडतं ते लिहिलेल्या आकड्यांपाशी. इंग्रजी नऊ त्यांना आपला एक वाटतो आणि इंग्रजी आठ आपला चार. पासबुकात नऊशे असले तर एकशे वाचतात. हे मला तीस वर्षं काउंटरवर बसून कधी लक्षात आलं नव्हतं. आणखी एक. ज्यांना मी मंद समजत होतो त्यांतल्या निम्म्यांना चाळिशी लागलेली होती. चष्मा दिला आणि अक्षरं आली. आपल्यापैकी ज्यांनी जुने चष्मे दिले त्यांचे आभार, पण नंबर तपासूनच द्यावा लागतो, तेव्हा चष्म्यापेक्षा तपासणीचे पैसे द्या.

आता शासनाचा उल्लास कार्यक्रम आहे. वाचन, लेखन, संख्याज्ञान, प्रत्येकी पन्नास गुणांची परीक्षा असते. २०२४ ला ती १७ मार्चला झाली. कार्यक्रम चांगला आहे, पण मार्चमध्ये आमच्या निम्म्या विद्यार्थिनी कारखान्यांवर असतात. दसरा-दिवाळीला कोयता निघाला की वर्गात चार डोकी उरतात. पाडव्याच्या आसपास परत येतात तोवर जोडाक्षरं विसरलेली असतात, आणि मी परत 'गेवराई'पासून सुरू करतो. चिडतोही कधीकधी. बायको म्हणते, तुम्ही बँकेत असल्यासारखे ओरडता.

सही मी आता सगळ्यात शेवटी शिकवतो. आधी पाच शब्द वाचता आले पाहिजेत: कर्ज, जामीनदार, रुपये, उचल, व्याज. काही जणी रुसतात. शेजारणीला सही येते, मला का नाही, म्हणतात. एकीनं तर दुसऱ्या कुणाकडून तरी शिकून घेतली आणि मला करून दाखवली. मी तिला वर्तमानपत्रातली कर्जवसुलीची नोटीस दिली आणि म्हटलं, ही वाच, मग कार्ड बदलू. तिला दीड महिना लागला.

गेल्या हंगामात वर्गातल्या एका जोडप्यानं वही नेली होती. तोवर मुकादमाची वही हाच त्यांचा हिशोब. रोजची तोड, टन, घेतलेली उचल, सगळं बाईनं लिहिलं, नवरा सांगेल तसं. परत आल्यावर वही माझ्याकडे आणली. स्पेलिंग म्हणाल तर 'टन' तीन प्रकारे लिहिलाय. मुकादमाच्या बेरजेशी दोन ठिकाणी जुळत नाही. चूक कुणाची, मुकादमाची की आमच्या वर्गाची, हे अजून ठरायचंय. पुढच्या रविवारी तिघांनाही हॉलमध्ये बोलावलंय. अध्यक्षसाहेब, तेवढी चावी माझ्याकडे राहू द्यावी.