मोडीचे वळण आणि छापखान्याचा खिळा



मुंबईच्या किनाऱ्यावरील गोराईत मोडीविषयी बोलणे अस्थानी नाही. कारण 1739 मध्ये चिमाजी अप्पांनी वसई घेतल्यापासून 1774 च्या अखेरीस इंग्रजांनी साष्टी बळकावीपर्यंत या किनाऱ्याचा जमाखर्च, सनदा आणि ताकिदी मराठ्यांच्या दप्तरात ज्या लिपीत उतरत, ती लिपी मोडीच होती. कारकून आधी कागदाच्या या कडेपासून त्या कडेपर्यंत एकच आडवी रेघ ओढी, आणि मग बोरू शक्य तितका न उचलता तिच्याखाली अक्षरे लोंबती ठेवीत जाई. शब्दाशब्दांत अंतर नाही, इकार-उकारांत ऱ्हस्वदीर्घाची तमा नाही, आणि काना लागताच कित्येक व्यंजनांचे रूपच पालटते! चिटणिसी, बिलवलकरी, महादाजीपंती ही वळणे रसिकतेपोटी नव्हे, तर कामाच्या निकडीपोटी घडली. त्यांचे लालित्य हे त्वरेचे अपत्य आहे.

हे लालित्य शिशाच्या खिळ्यात उतरविण्याचा उद्योग बंगालमधील श्रीरामपूरच्या मिशनरी छापखान्याने केला. तेथील विल्यम कॅरीचे 1805 चे मराठी व्याकरण नागरीत छापले गेले, पण 1810 च्या त्याच्या कोशासाठी मोडीचे खिळे पाडण्यात आले. तथापि प्रत्येक खिळा स्वतंत्र चौकटीत बसणारा. हाताची अखंड गती त्यात तुकड्यातुकड्यांनी गोठते. पुढे मुंबईत गणपत कृष्णाजी आणि निर्णयसागरचे जावजी दादाजी यांच्या छापखान्यांनी बालबोधीला, म्हणजे नागरीला, असे सुडौल रूप दिले, की छापील पुस्तकांत मोडीला फारशी जागाच उरली नाही.

2014 साली युनिकोडमध्ये मोडीचा समावेश झाला, आणि शेजारच्या चिन्हानुसार अक्षराचे रूप बदलणारा फाँट रचणे सुकर झाले. खिळ्याला न साधलेले आता साधू लागले. परंतु आरेखकाने या सोयीवर विसंबून पानेच्या पाने मोडीत जुळवू नयेत, असे माझे स्पष्ट मत आहे. जी लिपी वाचणारे विरळ झाले, ती मजकुराला नव्हे, मथळ्याला शोभते: ग्रंथाचे मुखपृष्ठ, नाटकाचे नाव, मानपत्राची शीर्षओळ. अच्युत पालव यांनी मोडीच्या अभ्यासातून नागरीला जे मोकळे वळण दिले, त्यात अनुकरणापेक्षा आकलन अधिक आहे. उलट नागरीला तिरपा कल आणि लांब शेपट्या देऊन तिला मोडी म्हणून खपविणे, ही निव्वळ बनावट होय.

आणखी एक तांत्रिक पथ्य: इंग्रजी मथळ्यांच्या सवयीने अक्षरांत अंतर वाढवू नये, कारण तसे करताच मोडीची शिरोरेषा तुटते आणि अक्षरांचा आधारच जातो. अक्षर मोठे घ्यावे, ओळी विरळ ठेवाव्यात, शाई गडद असावी. लग्नपत्रिकेवर वधूवरांची नावे खुशाल मोडीत शोभू द्यावीत. मुहूर्त आणि कार्यालयाचा पत्ता मात्र बालबोधीतच छापावा.