रक्तातला स्नेह

(हीरक महोत्सवी माजी विद्यार्थी मेळाव्यात मुख्याध्यापिकांनी केलेले भाषण)



संस्कृतात ‘स्नेह’ या शब्दाचे दोन अर्थ आहेत : प्रेम आणि तेलतूप. आजच्या स्नेहमेळाव्यात पहिला ओसंडून वाहतो आहे. मी दुसऱ्याविषयी बोलणार आहे. मी भाषेची शिक्षिका. हा धडा मला स्वतःच्या चुकीतून शिकावा लागला.

यजमानांची रक्ततपासणी मी दरवर्षी न चुकता करवून घेत असे. स्वतःची मात्र, ‘बायकांना कुठे हृदयविकार होतो!’ या समजुतीने टाळत आले. अखेर ५२व्या वर्षी तपासणी केली. यजमानांचा अहवाल उत्तम निघाला. माझे एलडीएल, म्हणजे अपायकारक कोलेस्टेरॉल, १६८ होते.

डॉक्टरांनी कारण उलगडून सांगितले. तारुण्यात स्त्रीला इस्ट्रोजेनचे संरक्षण असते. त्याच्या प्रभावाने यकृत रक्तातील एलडीएल अधिक प्रमाणात उचलून घेते. हितकारक एचडीएलही स्त्रियांत अधिक असते. म्हणून ते पुरुषांत ४० पेक्षा, तर स्त्रियांत ५० पेक्षा कमी असल्यास उणे मानतात. पुरुषांचे एलडीएल तारुण्यापासून मध्यम वयापर्यंत हळूहळू चढत जाते. स्त्रियांचे रजोनिवृत्तीच्या सुमारास झपाट्याने वाढते. तरुणपणीच्या निर्धास्तपणावर पुढे विसंबता येत नाही, ते यामुळेच.

तिसरा घटक वजनाचा. पोटाभोवती चरबी साठली की यकृत अधिक ट्रायग्लिसराइड रक्तात सोडते आणि एचडीएल घटते. आपणा भारतीयांत ही जोडी विशेष आढळते. म्हणून कमरेचा घेर पुरुषांनी ९० आणि स्त्रियांनी ८० सेंटिमीटरच्या आत राखावा, असे तज्ज्ञ सांगतात. मात्र सडपातळ व्यक्तींनीही निश्चिंत राहू नये. आनुवंशिकतेमुळे त्यांचेही एलडीएल वाढलेले असू शकते.

शाळेच्या पहिल्या वर्षीची मुले आज पासष्टी ओलांडून समोर बसली आहेत. त्यांच्या शेजारी तिशीतले पालक आहेत. वयाप्रमाणे रक्ताचा हिशेब बदलतो. तो वेळोवेळी तपासावा, आणि औषधाचा निर्णय डॉक्टरांवर सोपवावा.

माझ्या विद्यार्थिनींना आणि मातांना एक विनंती. सर्वांना वाढून झाल्यावर शेवटी आपले पान घेण्याची आपली रीत आहे. तपासणीच्या बाबतीत ती रीत मोडा. मी ती मोडायला उशीर केला. तुम्ही करू नका.

शतक महोत्सवाला आपण सर्व जण याच प्रांगणात पुन्हा भेटावे, हीच प्रार्थना.