वीज देयकाचा घरगुती हिशेब



मे महिन्याचे वीज देयक हाती पडले की पुष्कळ घरांत एक ठरलेला प्रसंग घडतो. कुणीतरी घरभर फिरून दिवे मालवू लागते. आजोबा अर्धवट उजेडात पोथी वाचू लागतात. पंखा चालू ठेवून स्वयंपाकघरात गेली म्हणून सुनेला दोन शब्द ऐकावे लागतात. त्याच घरात सकाळी शेवटची आंघोळ आटोपल्यावरही गीझरचे बटण चालूच असते आणि त्याविषयी कुणी चकार शब्द काढत नाही. उजेड डोळ्यांना दिसतो, उष्णता दिसत नाही. म्हणून काटकसरीची सारी शिक्षा उजेडाला भोगावी लागते, आणि बहुधा घरातील ज्येष्ठांना.

हिशेब अगदी साधा आहे. हजार वॅटचे उपकरण एक तास चालले की एक युनिट होते. नऊ वॅटचा एलईडी दिवा रोज पाच तास लावला तर महिन्याला दीड युनिटही होत नाही. आता गीझर पाहावा. शेवटच्या आंघोळीनंतर टाकीत नवे थंड पाणी भरलेले असते. बटण बंद न केल्यास तेही तापते आणि कुणी न वापरताच निवते. १५ लिटर पाणी २५ अंशांवरून ६० अंशांवर नेण्यास सुमारे ०.६ युनिट लागते. एवढ्या विजेत आजोबांच्या तेरा संध्याकाळी उजळल्या असत्या. रोजच्या या विस्मरणाची किंमत महिन्याला अठरा युनिट होते, म्हणजे वर्षाला दोनशेहून अधिक.

या अठरा युनिटांचा दर कोणता, हे समजण्यासाठी देयकाची मागची-पुढची बाजू एकदा नीट वाचली पाहिजे. स्थिर आकार वीज वापरली न वापरली तरी द्यावाच लागतो. त्यावर वीज आकार, वहन आकार, वेळोवेळी लागणारा इंधन समायोजन आकार आणि अखेरीस शासनाचे वीज शुल्क. महावितरणच्या घरगुती ग्राहकासाठी वीज आकाराच्या पायऱ्या आहेत : १०० युनिटपर्यंत, १०१ ते ३००, ३०१ ते ५०० आणि त्यापुढे. वरच्या पायरीचा दर खालच्यापेक्षा बराच चढा असतो. तीनशेची मर्यादा ओलांडली की सारीच युनिटे महाग होतात, असा एक समज सर्वत्र आढळतो. तो चुकीचा आहे. ३२० युनिट वापरणाऱ्याच्या केवळ वरच्या वीस युनिटांना तिसऱ्या पायरीचा दर लागतो. मात्र याच नियमाची दुसरी बाजू फार उपयोगाची आहे. वाचवलेले युनिट नेहमी सर्वांत वरच्या पायरीवरून उतरते. देयकाच्या एकूण रकमेला युनिटांनी भागून जी सरासरी येते, तीवरून बचतीचा अंदाज करणारा गृहस्थ म्हणूनच पुष्कळदा फसतो; मोठा वापर असलेल्या घरात प्रत्यक्ष बचत त्याहून अधिक असते.

ही वरची युनिटे शोधायची कुठे? जिथे काही तापते, जिथे काही थंड होते आणि जिथे काही अखंड फिरते, तिथे. उरलेल्या गोष्टी किरकोळ आहेत. मोबाइलच्या चार्जरवरून घरात वाद घालण्यात अर्थ नाही.

अखंड फिरणाऱ्यांत पहिला मान पंख्याचा. जुना छताचा पंखा सुमारे ७५ वॅट घेतो. रोज बारा तास चालला तर महिन्याला २७ युनिट. बीएलडीसी प्रकारच्या मोटारीचा नवा पंखा तेवढ्याच वेगाला ३० वॅटच्या आसपास घेतो. त्याची अकरा युनिट होतात. असे तीन पंखे बदलले तर महिन्याला ४८ युनिट उतरतात, तेही कुणाला घाम न येऊ देता. सारे एकदम बदलण्याचीही गरज नाही. जो सर्वाधिक तास फिरतो तो आधी बदलावा. पाहुण्यांच्या खोलीतला वर्षातून दहा दिवस फिरणारा पंखा तसाच राहू द्यावा. जुना डब्यासारखा रेग्युलेटर अद्याप असेल तर पंखा हळू केल्याने फारशी वीज वाचत नाही. उरलेली वीज त्या डब्यातच तापून जाते.

खरेदीच्या वेळी ताऱ्यांच्या लेबलाकडे पाहण्याची सवय आता बरीच रुजली आहे. ऊर्जा संवर्धन कायदा २००१ साली झाला, ऊर्जा दक्षता ब्युरो २००२ मध्ये स्थापन झाला आणि तारांकनाची योजना २००६ पासून आली. तथापि ग्राहक तारे मोजतो आणि लेबलावरील आकडा वाचत नाही. वर्षाला किती युनिट लागतील हे तिथे छापलेले असते आणि तारांकन कोणत्या काळासाठी वैध आहे हेही. निकष मधूनमधून कडक केले जातात. त्यामुळे काही वर्षांपूर्वीचे पाच तारे आजच्या पाच ताऱ्यांच्या बरोबरीचे असतीलच असे नाही. दुसरी गोष्ट, नवा फ्रिज आला की जुना ‘असू दे’ म्हणून गॅलरीत चालू ठेवला जातो. त्यात दोन बाटल्या पाणी असते आणि तो चोवीस तास वीज घेतो. नव्याची सारी बचत तिथे संपते.

गारव्याच्या बाबतीत मात्र सरसकट उपदेश चालत नाही, कारण महाराष्ट्राचे हवामान एक नाही. नागपूर, अकोला, चंद्रपूर येथील एप्रिल-मेची कोरडी झळ कूलरने निवते. पंखा व पंप मिळून साधारण दीडशे-दोनशे वॅटमध्ये काम होते. वाळ्याची ताटी भिजवून दारात लावणाऱ्या पिढीने हेच तत्त्व विजेशिवाय वापरले होते. मुंबईच्या किंवा रत्नागिरीच्या दमट हवेत तोच कूलर निरुपयोगी ठरतो, कारण हवेत पाण्याची वाफ सामावण्यास जागाच नसते. तिथे वातानुकूलन यंत्र घेतले असेल तर ते कसे चालवायचे एवढाच प्रश्न उरतो. १ जानेवारी २०२० पासून तारांकित यंत्रांचे मूळ तापमान २४ अंशांवर ठरवून दिले गेले, ते विनाकारण नव्हे. एक अंश वर ठेवल्यास सुमारे सहा टक्के वीज वाचते, असा ऊर्जा दक्षता ब्युरोचा अंदाज आहे. अठरा अंशांवर लावून अंगावर रजई घेणे हा श्रीमंतीचा नव्हे, अज्ञानाचा प्रकार आहे. एक मात्र निक्षून सांगितले पाहिजे : विदर्भ-मराठवाड्याच्या उन्हाळ्यात वृद्धांच्या आणि तान्ह्या बाळांच्या खोलीतील पंखा-कूलर हे बचतीचे स्थान नाही. उष्माघाताने गेलेल्या माणसाचा हिशेब कोणत्याही देयकात बसत नाही.

स्वयंपाकघरातील इंधनाची गोष्ट थोडक्यात. जुन्या चुलीला शेजारी वैल असे. मुख्य आचेवर भाकरी होई आणि बाजूने जाणाऱ्या उष्णतेवर वरण शिजे, पाणी तापे. आचेचा कण वाया न घालवणारी ती रचना करणाऱ्या गृहिणींनी कोणतेही पाठ्यपुस्तक वाचले नव्हते. आजच्या शेगडीला वैल नाही. पण डाळ-कडधान्य भिजवून कुकरमध्ये लावणे, पातेल्यावर झाकण ठेवणे, ज्योत भांड्याच्या बुडाबाहेर जाऊ न देणे आणि उकळी आली की आच मंद करणे, एवढे पाळले तरी सिलिंडर काही दिवस अधिक पुरतो.

आता छतावरील सौर विजेविषयी. फेब्रुवारी २०२४ मध्ये केंद्र शासनाने एक कोटी घरांसाठी ‘पीएम सूर्यघर’ योजना सुरू केली. तीत दोन किलोवॅटपर्यंत प्रत्येक किलोवॅटला ३०,००० रुपये आणि तीन किलोवॅट वा अधिकसाठी कमाल ७८,००० रुपये अनुदान ठरले. आपल्याकडे एक किलोवॅटच्या पॅनेलमधून वर्षभराच्या सरासरीने दिवसाला चारेक युनिट मिळतात. पावसाळ्यात कमी, उन्हाळ्यात अधिक. ज्याचे छप्पर स्वतःचे आणि ज्याच्यावर सावली नाही, त्याने हा विचार अवश्य करावा. पण आधी घरातील गळती थांबवावी आणि मग उरलेल्या गरजेएवढे पॅनेल घ्यावेत. उलट क्रमाने गेल्यास वाया जाणाऱ्या विजेसाठीही पॅनेल विकत घ्यावे लागतात.

सदनिकेत राहणाऱ्यांना वाटते की हे आपल्यासाठी नाही. वस्तुतः गृहनिर्माण संस्थेचा सामाईक मीटर, म्हणजे पाण्याचा पंप, लिफ्ट आणि जिन्यातील दिवे, हे प्रत्येक सभासदाच्या मासिक शुल्कातूनच भरले जाणारे देयक आहे. अशा सामाईक वापरासाठी याच योजनेत संस्थांना प्रति किलोवॅट १८,००० रुपयांची तरतूद केली गेली. सर्वसाधारण सभेत पार्किंगच्या भांडणाला दोन तास मिळतात. छतावरील टाकी रोज किती वेळ ओसंडून वाहते आणि त्या पाण्याबरोबर पंपाची किती वीज वाहून जाते, या विषयाला कुणी दहा मिनिटे मागत नाही. टाकीला स्वयंचलित नियंत्रक आणि जिन्याच्या दिव्यांना हालचाल ओळखणारे बटण बसवण्याचा ठराव कोणीही सभासद मांडू शकतो.

या साऱ्याची सुरुवात मात्र मीटरपाशीच होते. इलेक्ट्रॉनिक मीटरवर एक छोटा लाल दिवा लुकलुकत असतो आणि एका युनिटला तो किती वेळा लुकलुकतो हे मीटरवरच छापलेले असते. अनेक मीटरांवर हा आकडा ३२०० असतो. अशा मीटरवर मिनिटाला सोळा वेळा लुकलुक झाली तर घरात त्या क्षणी ३०० वॅट वापर चालू आहे. एकेक उपकरण लावून-बंद करून ही मोजणी शाळेत जाणारी मुलेही करू शकतात. रविवारी सकाळी त्यांच्या हाती वही देऊन हे काम सोपवावे.

रात्री झोपण्यापूर्वी आणखी एक परीक्षा करावी. फ्रिज, इन्व्हर्टर, टीव्हीचा सेट-टॉप बॉक्स, राउटर यांसकट घरातील सर्व बटणे दहा मिनिटे बंद ठेवून मीटरकडे पाहावे. दिवा शांत राहिला तर उत्तम. मग एकेक बटण पुन्हा चालू करावे. ‘बंद’ असलेला सेट-टॉप बॉक्स आणि भरलेल्या बॅटरीचा इन्व्हर्टरही वीज घेतात, हे तिथेच डोळ्यांना दिसेल. सर्व बटणे बंद असूनही दिवा लुकलुकत राहिला, तर कुठेतरी तार झिजून वीज गळत असेल किंवा जिन्यातला दिवा आपल्याच मीटरवर जोडलेला असेल. अशा वेळी स्वतः तारांना हात न लावता परवानाधारक वीजतंत्रज्ञाला बोलवावे.