परवाना आधी, प्रवास नंतर

(बोरगाव मेघे येथे युवकांसमोर केलेले भाषण)



परदेशी नोकरीसाठी जाऊ नका, असे सांगण्यासाठी मी येथे उभा नाही. परंतु माझ्या कार्यालयात आलेले एक वृद्ध शेतकरी माझ्या स्मरणातून जात नाहीत. मुलाला आखातात पाठविण्यासाठी त्यांनी दोन एकर शेत गहाण टाकले होते. हाती पडला तो मात्र पर्यटकाचा व्हिसा! कामाचा परवाना तिकडे पोहोचल्यावर मिळेल, असे मध्यस्थाने सांगितले होते.

ही समजूत घातक आहे. आखाती देशांत कामाचा परवाना काढण्याची जबाबदारी नोकरी देणाऱ्या कंपनीची असते. संयुक्त अरब अमिरातीच्या २०२१ च्या कामगार कायद्याने तर भरतीचा खर्च कामगाराकडून वसूल करण्यास मालकाला मनाई केली आहे. पर्यटक म्हणून जाऊन काम करणारा मात्र स्वतःच गुन्हेगार ठरतो; वेतन थकले तरी दाद मागण्याचे धैर्य त्याला होत नाही.

आपल्या देशातही १९८३ चा उत्प्रवासन कायदा आहे. त्यानुसार परदेशी भरती करणाऱ्या मध्यस्थाला केंद्र शासनाचे नोंदणीपत्र आवश्यक असते. त्याने घ्यावयाच्या सेवाशुल्काची मर्यादा ३० हजार रुपये असून त्यावर केवळ कर आकारला जातो. दहावी उत्तीर्ण नसलेल्यांना आखाती देशांसह ठराविक देशांत नोकरीसाठी जाण्यापूर्वी उत्प्रवासी संरक्षकाची अनुमती घ्यावी लागते. अनुमती घेऊन जाणाऱ्यांना प्रवासी भारतीय विमा योजनेखाली अपघाती मृत्यू वा कायमच्या अपंगत्वासाठी १० लाख रुपयांचे संरक्षण मिळते. कोणी या अनुमतीला टाळण्याची वाट दाखवीत असेल, तर तो हे संरक्षणच हिरावून घेत आहे, हे ओळखावे.

म्हणून पैसे देण्यापूर्वी तीन गोष्टी पाहा: मध्यस्थाचे नाव केंद्राच्या ई-मायग्रेट संकेतस्थळावर आहे काय, व्हिसा नोकरीचाच आहे काय आणि करारात वेतन, कामाचे तास व परतीचे भाडे स्पष्ट लिहिले आहे काय. दिलेल्या प्रत्येक रुपयाची पावती घ्या.

आपल्या गावापासून सेवाग्राम दूर नाही. तेथे वास्तव्य करण्यापूर्वी गांधीजींनी दक्षिण आफ्रिकेत गिरमिटिया मजुरांची बाजू लढविली होती. ‘अॅग्रीमेंट’ या शब्दाचे मजुरांच्या तोंडी ‘गिरमिट’ झाले. न वाचलेल्या त्या कराराने हजारोंना वर्षानुवर्षे बांधून ठेवले. आज आपण वाचू शकतो. सही करण्यापूर्वी वाचावे, एवढीच विनंती.

जय हिंद! जय महाराष्ट्र!