झिजलेला दाता आणि दुरुस्तीचे शास्त्र

(नाशिक येथे तंत्रशिक्षण घेणाऱ्या विद्यार्थ्यांसमोर केलेल्या भाषणाचा मजकूर)



विजेच्या सायकलीतील मोटारीविषयी बोलणारा वक्ता अभियंता असावा, ही आपली अपेक्षा रास्तच आहे. मी कलाशाखेचा पदवीधर आणि माहिती खात्यातील अधिकारी. परंतु यंत्र बंद पडले की त्याची झळ जाणकाराला बसते तशीच सामान्य माणसालाही बसते. दुरुस्तीचा प्रश्न म्हणूनच एकट्या अभियंत्यांचा नाही. तो नागरिकांचाही आहे.

नाशिकला सायकलचे वेड नवे नाही. डॉ. हितेंद्र आणि डॉ. महेंद्र महाजन या नाशिकच्या बंधूंनी २०१५ साली अमेरिकेच्या एका किनाऱ्यापासून दुसऱ्या किनाऱ्यापर्यंतची सुमारे ४,८०० किलोमीटरची सायकल शर्यत दोघांच्या संघाने पूर्ण केली. एवढे बळ सर्वांच्या पायांत नसते. त्र्यंबकेश्वरकडे जाणारा चढ ज्येष्ठ नागरिकाला किंवा ओझे वाहणाऱ्या कष्टकऱ्याला सोपा वाटावा, हे काम विजेची सायकल करते. आपल्या केंद्रीय मोटार वाहन नियमांनुसार २५० वॉटपेक्षा कमी शक्तीच्या आणि ताशी २५ किलोमीटरपेक्षा कमी वेगाच्या अशा हलक्या वाहनाला, विहित अटी पूर्ण होत असल्यास, मोटार वाहन समजले जात नाही.

या सायकलींचे दोन प्रमुख प्रकार आहेत. एकात मोटार चाकाच्या तुंब्यात असते. दुसऱ्यात ती सायकलीच्या मध्यभागी, पायडलच्या कण्याशी बसविलेली असते. मधली मोटार आपली शक्ती चेनमधून मागच्या चाकाला देते. त्यामुळे सायकलीच्या गिअरचा लाभ तिलाही मिळतो आणि ती चढ सुलभतेने चढते. मात्र मोटार मिनिटाला काही हजार फेरे घेते, तर माणसाचे पाय मिनिटाला साठ ते नव्वद. हा वेग वीस ते चाळीस पटींनी उतरवावा लागतो आणि ते काम मोटारीच्या पोटातील दातेरी चाके करतात.

चीनमधील बाफांग व तोंगशेंग यांच्या लोकप्रिय मोटारींप्रमाणे अनेक बनावटींत यांपैकी एक चाक पोलादाचे नसून नायलॉनचे असते. पाहणाऱ्याला ही काटकसर वाटते. पण तिच्यामागे विचार आहे. पोलादावर पोलाद फिरले की आवाज होतो. नायलॉन तो शोषून घेते. शिवाय भार मर्यादेबाहेर गेला तर नायलॉनचा दाता आधी तुटतो आणि अधिक मोलाचे भाग वाचतात. घरातील फ्यूज जळतो तो वायरिंग वाचावे म्हणून, तसाच हा प्रकार. जुन्या पाणचक्क्यांतही लोखंडी चाकासमोर मुद्दाम लाकडी दाते बसवीत. तुटला की सुतार नवा ठोकून देई. तेथे चक्की टाकून देण्याचा विचार कोणाच्या मनातही येत नसे.

आज मात्र हातभर रुंदीही नसलेल्या या चाकाचे दाते झिजले की पुष्कळदा संपूर्ण मोटार बदलण्याचा सल्ला दिला जातो. बॅटरीखालोखाल मोटार हाच सायकलीचा महाग भाग. तेवढा खर्च न परवडणारा मनुष्य सायकल कोपऱ्यात उभी करतो. तांबे, चुंबक आणि पोलाद शाबूत असलेली मोटार एका दात्यापायी भंगारात जाते. हे नुकसान टाळणे आपल्या हातात आहे.

प्रथम निदान. मोटार फिरल्याचा आवाज येतो पण पायडलला साहाय्य मिळत नाही, चढावर खरखर होते, मध्येच झटके बसतात, ही दाते झिजल्याची लक्षणे होत. परंतु सैल चेन, खराब बेअरिंग अथवा एकाच दिशेने पकडणारा क्लच यांचीही लक्षणे अशीच दिसतात. म्हणून आधी बाहेरचे भाग तपासावेत आणि मगच मोटार उघडावी. वॉरंटी शिल्लक असल्यास ती उघडूच नये, विक्रेत्याकडे न्यावी.

उघडण्यापूर्वी बॅटरी काढून ठेवणे हा पहिला नियम. क्रँक पुलरनेच काढावा, हातोडीने नव्हे. प्रत्येक टप्प्याचे छायाचित्र घ्यावे, स्क्रू क्रमाने मांडावेत. जुने ग्रीस पुसताना नायलॉनचे तुकडे एकूणएक वेचून काढावेत; राहिलेला एक तुकडा नवे चाकही खाऊन टाकतो. समोरच्या पोलादी दात्यांवरून नख फिरवून पाहावे. तेथे धार किंवा खड्डा असेल, तर केवळ नायलॉन बदलून उपयोग नाही. बेअरिंग हाताने फिरवून पाहावे; कणा डळमळत असेल तर दाते पुन्हा तिरपे झिजणार हे ठरलेलेच.

त्याच बनावटीचे सुटे चाक मिळाले तर उत्तम. न मिळाल्यास मापे घ्यावी लागतात. सरळ दात्यांच्या चाकाचा बाहेरचा व्यास ४२ मिलिमीटर आणि दाते ४० असतील, तर ४२ ला ४० अधिक २ ने भागून मॉड्यूल १ येते. तिरप्या दात्यांच्या चाकात तिरपेपणाचा कोनही मोजावा लागतो. तेथे हे सोपे सूत्र चालत नाही. दोन कण्यांमधील अंतर ठरलेले असल्याने दात्यांची संख्या मनाने बदलता येत नाही. ही मापे अचूक असली, तर योग्य प्रतीच्या नायलॉनच्या कांबीतून हॉबिंग यंत्रावर चाक कापून घेता येते.

जोडताना नायलॉनला चालणारे ग्रीस दात्यांना बेताने लावावे. क्लचच्या रोळ्यांत जाड ग्रीस गेले तर क्लच निसटतो. जुने सील फाटले असल्यास बदलावे, कारण पाणी शिरले की पुढचे सारे व्यर्थ. प्रथम हाताने, नंतर चाक अधांतरी ठेवून आणि शेवटी सपाट रस्त्यावर हलक्या भाराने चाचणी घ्यावी. काहीजण अधिक टिकाऊ म्हणून पोलादी चाक बसवितात. त्याने आवाज वाढतो आणि पुढचा आघात अधिक महाग भागावर जातो.

दुरुस्तीइतकेच जतनही महत्त्वाचे. चढावर हलका गिअर घ्यावा; मोटार जोर लावीत असताना गिअर बदलू नये. प्रवाह वाढवून मोटारीकडून अधिक शक्ती काढण्याचा मोह टाळावा. त्याने उष्णता वाढून नायलॉन मऊ पडते आणि वाहनाला मिळालेली कायद्याची सवलतही जाते.

हे सारे नाशिकमध्ये सांगण्याला कारण आहे. १९६२ साली महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळाची स्थापना झाली आणि सातपूर, अंबड येथे औद्योगिक वसाहती वाढल्या. ओझरला मिग विमाने बांधली गेली. सातपूरला डिझेल इंजिनांचे नोझल बनले. केसाच्या अंशाइतके माप सांभाळण्याची सवय या शहराच्या हाताला आहे. केंद्र सरकारने २०२२ साली दुरुस्तीच्या हक्कासाठी समिती नेमली व पोर्टल सुरू केले. युरोपीय संघानेही २०२४ मध्ये त्यासंबंधी निर्देश काढला. परंतु कागदावरचा हक्क बजावायला जाणता कारागीर लागतो. सुटा भाग मिळाला आणि तो बसविणारा नसला, तर ग्राहकाच्या पदरी काय पडणार?

मित्रहो, तो कारागीर आपल्यापैकीच कोणीतरी व्हावयाचे आहे. टर्नर, मशिनिस्ट, फिटर या व्यवसायांचे शिक्षण आणि विजेच्या वाहनांचे ज्ञान यांची सांगड घालणाऱ्याला छोट्या जागेत, मोजक्या हत्यारांनिशी काम मिळू शकते. ज्या ग्राहकाला नवी मोटार परवडत नाही, तो आपल्या दुकानातून सायकल चालवीत घरी जावा, हीच या विद्येची खरी परीक्षा होय.