दगडावरचे नाव

(वडिवळे येथील कार्यक्रमात केलेले भाषण)



लंडनला आम्ही गेलो ते किंग हेन्रीज रोडवरील १० क्रमांकाचे घर पाहण्यासाठी. डॉ. बाबासाहेब आंबेडकर १९२१-२२ मध्ये शिकत असताना तेथे राहत होते. महाराष्ट्र शासनाने २०१५ मध्ये ते घर घेतले. त्या वास्तूला वंदन करून दुसऱ्या दिवशी आम्ही इंपीरियल वॉर म्युझियम हे युद्ध संग्रहालय पाहिले.

दारासमोरच युद्धनौकेवरच्या दोन प्रचंड तोफा आहेत. त्यांच्यापुढे उभे राहून लोक फोटो काढीत होते. ही इमारत पूर्वी मनोरुग्णांचे इस्पितळ होती, हे कळल्यावर आम्ही एकमेकांकडे पाहिले. कोणी काही बोलले नाही.

आत पहिल्या महायुद्धाच्या दालनात मेसोपोटेमियाचा, म्हणजे आजच्या इराकचा, उल्लेख आला आणि आम्ही थबकलो. तेथे लढलेल्या सैन्याचे नावच मुळी सहावी पूना डिव्हिजन. १०३, ११० आणि ११७ या मराठा पलटणी तिच्यात होत्या. डिसेंबर १९१५ पासून कुत गावी हे सैन्य वेढ्यात अडकले. अन्न संपले, घोडे कापून खाण्याची वेळ आली. २९ एप्रिल १९१६ रोजी सुमारे १३ हजार जण शरण गेले. त्यांतले हजारो कैदेतच मेले.

आणि महार जवान? त्यांची भरती इंग्रजांनी १८९० च्या दशकातच बंद केली होती. १९१७ मध्ये माणसे कमी पडू लागली तेव्हा १११ वी महार पलटण उभी केली आणि १९२१ मध्ये मोडूनही टाकली. गरज लागली तेव्हा बोलावले, गरज सरली तेव्हा घरी पाठवले.

मित्रहो, याहून मोठे दुःख पुढे आहे. मेसोपोटेमियात मेलेल्या ज्या सैनिकांच्या कबरी नाहीत, त्यांचे स्मारक बसऱ्याला उभारले. त्यावर अधिकाऱ्यांची नावे कोरली. साध्या हिंदी शिपायांची मात्र पलटणवार नुसती संख्या लिहिली. नाव नाही, गाव नाही! युद्धस्मारके सांभाळणाऱ्या ब्रिटिश आयोगाने या भेदभावाबद्दल २०२१ मध्ये माफी मागितली. त्याला शंभर वर्षे लागली.

आता आपल्या जवळचे कार्ले लेणे आठवा. तेथे दोन हजार वर्षांपूर्वी धेनुकाकटच्या सामी नावाच्या सुताराने दाराचे काम केले. त्याचे नाव, त्याच्या बापाचे नाव आजही दगडावर आहे. दान देणाऱ्या सिंहदत्त नावाच्या अत्तरविक्याचेही आहे. धम्माच्या वास्तूत सुताराला नाव मिळाले. साम्राज्याच्या स्मारकावर शिपायाला मिळाले नाही.

आम्ही युद्धाचे गोडवे गात नाही. कलिंगात एक लाख माणसे मारली गेली, हे सम्राट अशोकाने स्वतःच दगडावर कोरून पश्चात्ताप व्यक्त केला. शस्त्रांपेक्षा मेलेला माणूस आठवावा, एवढेच आमचे म्हणणे.

म्हणून विद्यार्थ्यांना एक विनंती. घरातली जुनी ट्रंक उघडा. पणजोबांचे पदक, पेन्शनचा कागद, फोटो मिळेल. म्हाताऱ्या माणसांजवळ बसा, विचारा आणि वहीत नाव, गाव, पलटण लिहून ठेवा. लंडनच्या संग्रहालयात आम्ही आपली माणसे शोधीत फिरलो. ती शोधायची सुरुवात आपल्याच घरातून करायला हवी होती, हे आम्हाला तेथे उमगले.

जयभीम.