पत्त्यांचे यंत्रांतर

चामराजपेटेतील या व्याख्यानासाठी मी अनुवादाचेच उदाहरण निवडले आहे. मात्र ते एका खेळाचे आहे. पोकेमॉनच्या पत्त्यांचा खेळ १९९८ साली जपानमध्ये ‘गेम बॉय’ या हातात मावणाऱ्या यंत्रावर आला. पत्ते पिसणे, नाणे उडवणे ही कामे यंत्राने सहज उचलली. कठीण होती ती देवघेव. खरा पत्ता दिला की तो आपल्या हातून जातो. यंत्राला हव्या तितक्या प्रती काढता येतात. रचनाकारांनी युक्ती योजली: दोन यंत्रे समोरासमोर धरली की अदृश्य किरणांच्या साहाय्याने दोघांनाही एकेक पत्ता मिळे, पण त्याच सोबत्याबरोबर पुन्हा नाही. नव्या पत्त्यासाठी नवा मित्र शोधणे आले! हा अनुवाद मला सरस वाटतो.

आपल्या सावंतवाडीच्या दशावतारी गंजिफ्यात १२० पाने. दिवसा रामाचा राजा ज्याच्या हाती तो उतारी करतो, रात्री कृष्णाचा. पाच अवतारांत दश्शी थोर, उरलेल्या पाचांत एक्का. यंत्रातल्या घड्याळाला हे अवघड नाही. अडचण निराळीच आहे. ती गोल, रंगीत पाने आज बहुधा शोभेसाठी घेतली जातात. तेव्हा आधी जाणत्या खेळाडूंपुढे बसून एक अखंड डाव टिपून घ्यावा. यंत्राचे मागाहून पाहता येईल.